आनंदाचं कोपर

आनंदानं आयुष्यभर इतक्या थापा मारल्या होत्या, की खरं बोलायची पाळी आली तेव्हा ते कसं बोलतात हेच बिचाऱ्याला आठवेना.

शहाडला नदीच्या अंगाला त्यांचा पाडा. भातशेती होती तेव्हा आनंदा बांधावर बसून थापा मारायचा. शेतावर बिल्डरनं इमारत उभी केली, त्यात दुसऱ्या मजल्यावरचा ब्लॉक त्याला मिळाला, तेव्हापासून जिन्यात बसून मारायला लागला. पुरात म्हशीचं शेपूट धरून आपण कल्याणच्या खाडीपर्यंत वाहत गेलो आणि चहाच्या वेळेला चालत घरी आलो, ही एक. विठ्ठलवाडी स्टेशनच्या पुलावर बिबट्या समोर आला आणि आपल्याला बघून गुपचूप जिना उतरून गेला, ही दुसरी. बिबट्या कुठल्या बाजूचा जिना उतरला, हेही तो सांगायचा. माणसं ऐकायची, हसायची, वर चहा पाजायची. कुणाचं काही जात नाही तोवर थापेत पाप कसलं, असं आनंदाचं शास्त्र होतं.

पण एका थापेनं त्याचा घात केला.

दोन वर्षांमागं त्याच्या रुपालीचं लग्न झालं. एकुलती एक पोर. ठाण्याला नौपाड्यात दातांच्या दवाखान्यात कामाला होती, तिथल्याच विनीतशी तिचं जुळलं आणि दोन्ही घरांनी फार खळखळ न करता होकार दिला. हळदीला अख्खा पाडा नाचला. लग्न झालं, जेवणं झाली, पाठवणीची वेळ आली, तर नवरीचा बाप कुठं? बाप गायब! शकूनं, म्हणजे आनंदाच्या बायकोनं, हाका मारल्या. शेजारच्या मारुतीनं मांडवाला दोन फेऱ्या मारल्या. फुलं लावलेली गाडी उभी, ड्रायव्हर हॉर्नवर हॉर्न मारतोय, आणि पोरगी वळून वळून मागं बघतेय. शेवटी थोरल्या माणसांनी समजूत घालून तिला गाडीत बसवलं. गाडी दिसेनाशी झाली आणि मग आनंदा उगवला. डोळे लाल, आवाज बसलेला. म्हणाला, "यो परशुराम मांडववाला खुर्च्या कमी भरल्या म्हनत व्हता. त्याच्याशी भांडत व्हतू."

खुर्च्या त्या दिवशी सात कमी होत्या. पुढच्या आठवड्यात त्या अकरा झाल्या. वर्षभरात आकडा बावीसवर गेला आणि भांडणात परशुरामाची कॉलर पण आली.

ही गोष्ट रुपालीच्या कानावर जायची ती गेलीच. ती कुणाशी भांडली नाही, रडली नाही. एवढंच म्हणाली, "बाबाला माझ्यापेक्षा खुर्च्या मोठ्या." पूर्वी फोनवर 'ए बाबा, जेवलास का रे?' करणारी पोर, आता बापाचा आवाज आला की म्हणायची, "आईला द्या." द्या! जिनं जन्मात बापाला अहोजाहो केलं नाही तिनं 'द्या' म्हणायचं, म्हणजे मिरच्या झोंबल्याच की. सणावाराला यायची, पाया पडायची, त्याच्या पानात गरम भाकरी वाढायची, आणि बोलायची मात्र आईशी. आनंदानं शकूला मध्ये घालून पाहिलं. शकू म्हणाली, "तुमी जेवडं बोलाल, तेवड्या खुर्च्या वाढतील. गप बसा."

तर आता एका मालिकेकडं येऊ.

नौपाड्यात रमाबाई, म्हणजे रुपालीची सासू, आणि रुपाली रोज साडेसातला एक मालिका बघायच्या. तीच इकडं शकू बघायची आणि नंतर मायलेकी फोनवर तिची यथेच्छ चिरफाड करायच्या. आनंदा शेजारी बसून फोनमधून सांडणारं पोरीचं हसू ऐकायचा. त्याला तेवढंच मिळायचं.

टीव्ही आनंदाचा मोठा होता, भिंतभर. केबल मात्र जुनीच, साधी. त्या साध्या चॅनलवर चित्र मधोमध यायचं आणि दोन्ही बाजूंना काळे पट्टे. शकूला ते सहन होईना. "एवडा मोठा टीव्ही घेतला तो काय काळं बगायला?" म्हणून तिनं रिमोटची सगळी बटणं दाबत दाबत चित्र ताणून भिंतभर केलं. तेव्हापासून मालिकेतली सगळी माणसं आडवी वाढली. नायिका चांगली गुबगुबीत, नायक पिंपासारखा, गाड्यांची चाकंसुद्धा अंड्यासारखी. शकूला ते पसंत होतं. "खात्यापित्या घरची मानसं हायत," म्हणायची. आणि कधीकधी दोन माणसं बोलत असली की एकाचं नुसतं नाकच दिसायचं. नाक विचारायचं, समोरचा उत्तर द्यायचा. मारुतीचं म्हणणं, पैशावरून भांडण झालं की नटाला असं अर्धंच दाखवतात. कुणाला ते खोटं वाटलं नाही.

एक दिवस शकू फोनवर बोलताना आनंदानं ऐकलं, की मालिकेत आता नायिकेच्या बहिणीचं लग्न लागणार आणि त्याचं शूटिंग घोडबंदर रोडला चाललंय. त्याच संध्याकाळी कळलं, की मांडव आणि खुर्च्या पुरवणार परशुराम.

आनंदाच्या डोक्यात किडा वळवळला. पोरगी फोनवर बोलत नाही तर नाही, टीव्हीत तरी आपलं तोंड बघेल! साडेसातला चहाचा कप हातात घेऊन बसली असेल, आणि समोर कोण, तर बाप. मग फोन करेल. करावाच लागेल. निदान विचारेल तरी, तू तिथं कसा?

पण त्यासाठी परशुरामाचे पाय धरायचे होते. आनंदा गेला. परशुराम गोडाऊनच्या दारात दोऱ्या गुंडाळत बसला होता. मान वर न करता म्हणाला, "या बावीस खुर्च्यावाले."

"परशुराम, जाऊ दे ना ते."

"कसं जाऊ देऊ? माझ्या खुर्च्या बरोबर भरल्या व्हत्या. मी हूं की चूं केलं नाय. आनि तू गावभर सांगत सुटलास, कॉलर धरली म्हनून! लोक मना विचारतात, सुटली का रे कॉलर?"

आनंदानं कान पकडले. परशुराम मनानं वाईट नव्हता. टेम्पोत बसायला जागा दिली, पण खुर्च्या उतरवायच्या, लावायच्या, अशी अट घातली. आनंदानं मुकाट्यानं खुर्च्या लावल्या. देवाचा न्याय म्हणतात तो असा.

परशुराम रिकामा टेम्पो घेऊन गेला आणि आनंदा तिथंच रेंगाळला. स्वच्छ सदरा, डोक्याला टोपी, खांद्यावर टॉवेल, मिशा पांढऱ्या. रसिका नावाची एक तुडतुडीत मुलगी कानात यंत्र घालून सगळ्यांवर ओरडत फिरत होती. तिनं आनंदाला बघितलं आणि थबकली. "काका, तुम्ही कुठल्या ग्रुपचे? जाऊ दे, मला चेहरा पाहिजेच होता. इकडे या."

वधूपिता झालेल्या नटाच्या बाजूला, केळीच्या खुंटापाशी तिनं त्याला उभं केलं. मग छोट्या टीव्हीत बघितलं. आनंदानंही मान लांब करून बघितलं. पडद्यावर डावीउजवीकडं एकेक पांढरी उभी रेघ होती. "काका, या रेघेच्या आत यायचं नाही. आत घरची माणसं. बाहेर पाहुणे. कळलं?"

"कळलं," आनंदा म्हणाला. लग्नात मानपान असतोच, रेघ काय नि पाट काय. तो रेघेबाहेर उभा राहिला.

पाठवणीचा प्रसंग होता. वधूपित्याच्या डोळ्यांत औषध घातलं, ते झरझर वाहायला लागले. सनईची टेप लागली. नवरी झालेली पोर रुपालीच्याच वयाची. ती गाडीकडं चालायला लागली, चार पावलं गेली आणि वळून बघितलं. बापाला शोधत.



आनंदाला दिसला तो रुपालीच्या पाठवणीचा दिवस. मांडवामागं, आचाऱ्याच्या पातेल्यांजवळ, कनातीचं कापड तोंडावर धरून तो उभा होता. त्या कापडाच्या फटीतून पोरगी अशीच वळून बघताना त्याला दिसत होती आणि पाय काही उचलत नव्हते. आयुष्यभर लोकांना हसवलेला माणूस. त्याला रडताना कुणी बघितलं नव्हतं, बायकोनंसुद्धा नाही. आई गेली तेव्हाही तो स्मशानात गोष्टी सांगत होता. त्या दिवशी रडू असं आलं, की थांबेचना, आणि या तोंडानं लोकांपुढं जाणार कसं? गेला नाही. गाडी गेल्यावर डोळे पुसले आणि पहिली हाताला लागली ती थाप मारली, खुर्च्यांची.

आता इथं, भर दिवसा, एवढ्या दिव्यांच्या उजेडात, त्याला तेच रडू पुन्हा आलं. त्यानं टॉवेल डोळ्यांना लावला. काढला, परत लावला. "काका, कोपर रेघेच्या आत येतंय!" रसिका ओरडली. पलीकडून कुणीतरी म्हणालं, "राहू दे, राहू दे, काका मस्त करतायत." तोच प्रसंग त्यांनी तीन-चारदा करून घेतला. दर वेळी ती पोर वळायची आणि दर वेळी आनंदा रडायचा. त्याला औषध लागलं नाही.

"काका, काय भारी रडलात!" रसिका जाताना म्हणाली. "परत बोलावते."

घरी येताना आनंदाला भीती वाटली आणि आनंदही झाला. तोंडानं सांगितलं तर पोरगी म्हणेल, झाली नवी थाप सुरू. पण हे तर टीव्हीत येणार होतं. तिनं हे बघावं, एवढंच त्याला पाहिजे होतं. मग काय समजायचं ते समजू दे.

शकूला त्यानं ताकीद दिली, "रुपीला सांगू नको. तिला अचानक दिसू दे." रडल्याचं मात्र शकूलाही सांगितलं नाही. आणि पाड्याला सांगितलं ते आपल्या पद्धतीनं. "वधूपित्याच्या बाजूला मीच. ते मोठे साहेब बोलले, आनंदराव, तुमी इतके दिवस व्हता कुठं?"

"बिबट्याबरोबर," मारुती म्हणाला. जिना हसला.

"बगा आता! सोमवारी साडेसातला माझ्या घरात या. नाय दिसलू तर नाव बदला."

सोमवारी पाडा आला. सतरंजीवर बायका, सोफ्यावर म्हातारे, दारात पोरं. शकूनं भज्यांचं घमेलंच काढलं आणि ठेवणीतलं लुगडं नेसून बसली, जणू तिचंच लग्न लागायचं होतं. सनई वाजली. आडवा वाढलेला वधूपिता रडायला लागला. गुबगुबीत नवरी चालायला लागली. आनंदा श्वास रोखून पडद्याच्या डाव्या कडेला बघत राहिला.

तिथं केळीचं एक पान होतं. मग पानाखालून एक कोपर आलं.

आलं आणि गेलं. परत आलं. वरखाली झालं, थरथरलं, गेलं. नवरी वळली. कोपर परत आलं, चांगलं ताणून जाडजूड झालेलं कोपर, सदऱ्याची बाही आणि टॉवेलचं एक टोक. मग गाडी सुटली, जाहिरात लागली.

 भज्यांकडं गेलेले हात घमेल्यातच थांबले.

"आनंदा," मारुतीनं हळूच विचारलं, "तो हात कुनाचा?"

"माझा."

"आनि बाकीचा तू?"

"बाजूला व्हतू. अख्खा व्हतू. आईशप्पथ."

"मग हात असा वरखाली काय करत व्हतास? खाजवत व्हतास काय?"

फुटलंच हसू. सतरंजी हसली, सोफा हसला, दारातली पोरं कोपरं वरखाली करत जिना उतरली. कुणी म्हणालं, हात परशुरामाचा असेल, कॉलर सोडवत असेल. कुणी म्हणालं, लग्नात जेवत असेल आनंदा, घास मोजा. ज्यानं साऱ्या जन्मात पाड्याला हसवलं त्याच्यावर पाडा पहिल्यांदाच एवढा मनापासून हसला.  लांडगा आला रे आला, म्हणतात ना, तसं झालं. या वेळी लांडगा खरोखर आला होता आणि लोकांना त्याचं नुसतं कोपर दिसलं होतं.

"निदान अख्खा हात तरी दावायचा," शकू पसारा आवरताना पुटपुटली. तिचा चेहरा उतरला होता. त्या रात्री तिनं पोरीला फोनही केला नाही.

दुसऱ्या दिवसापासून त्याचं नाव पडलं कोपर. 'काय कोपर, बाजारात काय?' 'कोपर, जरा सरक.' आनंदाला त्याचं काही नव्हतं. नावं त्यानं लोकांना कमी ठेवली नव्हती. त्याला एकच लागलं होतं. नौपाड्यात पण हेच दिसलं असणार. पोरीनं चहा पितापिता एक कोपर बघितलं असणार आणि पुढची जाहिरात बघितली असणार. तोंड बघून बाप ओळखतात, कोपर बघून कोण ओळखणार? सगळं फुकट गेलं. भजी नको म्हणाला, चहा नको म्हणाला. शकूनं घाबरून त्याच्या कपाळाला हात लावून पाहिला.

मंगळवारी दुपारी फोन वाजला. शकू खाली भाजीला गेली होती. आनंदानं नाव बघितलं, रमाबाई. विहीणबाईंचा फोन त्याला कधी यायचा नाही.

"नमस्कार व्याही," पलीकडून शांत, ठेवणीतला आवाज आला. "काल आमच्या घरी येऊन गेलात. चहासुद्धा न घेता गेलात, हे काही बरं नाही."

आनंदा गडबडला. आजवर लोक त्याला म्हणायचे, तू तिथं गेलाच नव्हतास. जिथं तो गेलाच नव्हता तिथं येऊन गेलास, असं कुणी पहिल्यांदाच म्हणत होतं. "मी? नाय वो विहीनबाई. काल मी घरातच व्हतू. खरंच."

"साडेसातला आलात. डाव्या बाजूनं." रमाबाई म्हणाल्या. "रुपालीनं पाहिलं. तेव्हापासून गप्प आहे ती. रात्री नीट जेवलीसुद्धा नाही. रविवारी दुपारी तोच भाग पुन्हा दाखवणार आहेत. तुम्ही दोघं जेवायलाच या आमच्याकडे. आणि या म्हणजे याच."

फोन ठेवून आनंदा डोकं खाजवायला लागला. डाव्या बाजूनं आलात म्हणजे? कोपर तर डाव्या बाजूनंच आलं होतं. पण एक कोपर बघून कुणी जेवण टाकतं का? काही असो, पोरगी गप्प होती. ते चांगलं की वाईट, हे त्याला समजेना.

रविवारी घरच्या वालाच्या शेंगा पिशवीत घालून दोघं निघाले. ठाण्याला उतरून चालतच नौपाड्यात गेले. आनंदानं वाटेत एकसुद्धा थाप मारली नाही. शकूनं दोनदा विचारलं, पोटात दुखतंय काय? दार रुपालीनं उघडलं. खाली वाकून पाया पडली, पिशवी घेतली, "आई, ये" म्हणाली आणि आत गेली. जेवणं झाली. अळूची भाजी होती, आनंदाला तिची चव लागली नाही.

मग विनीतनं टीव्ही लावला. टीव्ही आनंदाच्या टीव्हीपेक्षा लहानच होता. मालिकेची नायिका आली आणि शकू ओरडली, "अगं बाई! ही पोर एवडी वाळली कशानं? परवा तर चांगली व्हती!"

विनीत हसायला लागला. "आई, ती अशीच आहे. हे एचडी चॅनल आहे ना, चित्र मुळात एवढं रुंद असतं. तुमच्याकडे साधं चॅनल आहे, त्यावर दोन्ही कडा कापून फक्त मधलं दाखवतात. आणि मग तुम्ही ते ताणलं की सगळे जाडे."

"म्हनजे आमी दोन वर्सं अर्धंच बगतो?" शकू कपाळाला हात लावून बसली. आता तिला सगळं दिसायला लागलं. जे नुसतं नाक होतं त्याला मागं एक अख्खी आत्या होती. रोज कुठून आवाज येतो कळत नव्हतं तो झोपाळ्याचा होता, झोपाळ्यावर म्हातारा बसलेला. "आनि मारुती म्हनं पैशावरून भांडन!"

आनंदाचं तिकडं लक्ष नव्हतं. त्याला रसिकाची रेघ आठवली. आत घरची माणसं, बाहेर पाहुणे. म्हणजे शहाडला फक्त रेघेच्या आतलं गेलं होतं. आणि इथं? त्याच्या कानात सनई वाजायला लागली, आणि टीव्हीतही वाजली.

नवरी निघाली. वधूपिता रडला. आणि त्याच्या बाजूला, केळीच्या खुंटापाशी, टोपीपासून चपलेपर्यंत अख्खा आनंदा उभा होता. तो वधूपित्याकडं बघत नव्हता, कॅमेऱ्याकडं बघत नव्हता. तो त्या पोरीकडं बघत होता. त्याची हनुवटी लहान मुलासारखी थरथरत होती, पांढऱ्या मिशा भिजल्या होत्या आणि तो टॉवेलानं डोळे पुसायचा, पोरीकडं बघायचा, परत पुसायचा. मधोमध नट रडत होता, पण बघायला लागलं की नजर कडेलाच जात होती.

शकूनं तोंडावर हात ठेवला. इतक्या वर्षांच्या संसारात तिनं हे तोंड बघितलं नव्हतं.

आनंदा आपल्या पायांकडं बघत बसला. रमाबाईंनी टीव्हीचा आवाज बंद केला. विनीत काहीतरी आणायला म्हणून आत गेला.

"बाबा," रुपाली म्हणाली. ती टीव्हीकडं बघत नव्हती, त्याच्याकडं बघत होती. "माझ्या लग्नात खुर्च्या किती कमी भरल्या होत्या?"

बावीस, हे जिभेवर तयारच होतं. औषध घातलं होतं डोळ्यांत, हेही तयार होतं. दोन्ही चांगल्या थापा होत्या, खपल्याही असत्या. आनंदानं दोन्ही गिळल्या.

"एकपन नाय," तो म्हणाला. "परशुरामाच्या खुर्च्या बरोबर व्हत्या."

"मग तुम्ही कुठं होता?"

"मांडवामागं. पातेल्यांकडं."

"काय करत होता?"

 आनंदानं हात उचलून टीव्हीकडं दाखवलं. तिथं, आवाज नसलेल्या पडद्याच्या कडेला, तो अजून डोळे पुसत होता.

"तेच," तो म्हणाला.

रुपाली उठली. येऊन त्याच्या शेजारी बसली, त्याचा हात कोपरापाशी घट्ट धरला आणि त्याच्या खांद्यावर डोकं ठेवून जी रडायला लागली ती दोन वर्षांचं सगळं रडली. "ए बाबा," हुंदक्यातून म्हणाली, "मी किती वेळ मागं वळून बघत होते रे. मला वाटलं, तुला काहीच वाटलं नाही."

"मना दिसत व्हतीस ना तू," आनंदा म्हणाला. "कनातीच्या फटीतून दिसत व्हतीस. शेवटपर्यंत."

"मग सांगायचं नाही का?"

"कुनी खरं मानलं असतं काय?"

यावर रडता रडता तिला हसू फुटलं आणि तिनं त्याच्या कोपराला चांगला चिमटा काढला. आतून विनीत आला तो पाणी घेऊन. रमाबाई म्हणाल्या, "आता चहा टाकते. या वेळी घेतल्याशिवाय जायचं नाही, व्याही." चहा झाला, परत चहा झाला. निघताना रुपालीनं त्याच्या पिशवीत डबा भरून दिला आणि पोचल्यावर फोन कर, असं चारदा बजावलं. शकूला नव्हे, त्याला.

पाड्यात शिरले तेव्हा दिवेलागण झाली होती. जिन्यात मारुती आणि मंडळी बसलेलीच. शकू पुढं झाली, तिला कधी एकदा सगळं सांगते असं झालं होतं. आनंदानं मागून तिच्या पदराला हलकेच हात लावला. ती थांबली, त्याच्याकडं बघितलं आणि तोंड मिटून वर निघून गेली.

"काय कोपर?" मारुतीनं जागा करून दिली. "नौपाड्याला गेलेलास ना? त्यांच्याकडं तरी अख्खा दिसलास काय?"

जिना कान देऊन बसला. आनंदा पायरीवर टेकला. चपला काढल्या, टॉवेलानं मान पुसली. खिशात फोन वाजायला लागला, त्यावर पोरीचं नाव होतं.

"नाय रं," तो म्हणाला. "कोपरच दिसलं. खाजवतच व्हतू."

सगळे हसले. आनंदाची एवढी मोठी थाप, आणि पाड्यानं ती पहिल्यांदाच जशीच्या तशी खरी मानली. तो फोन कानाला लावून उठला आणि बोलत बोलत जिना चढायला लागला.